बारा ओळी

दप्तरदार सरांनी सोमवारी यादी दिली:
देश कॅनडा, माणसं अकरा,
जन्म अठराशे तीस ते ऐंशीच्या दरम्यान,
प्रत्येकाला बारा ओळी.
"चिरमुलेबाई, विशेषणं नकोत.
आणि कुणी चंदनासारखं झिजलेलं नको."

वाईत हळद शिजत होती त्या आठवड्यात.
खिडकीतून कढत, मातकट, पिवळी वाफ यायची
आणि मी बर्फ लिहीत बसायचे.

पहिला भूमापक, मॅकऑली.
सात हिवाळे साखळी ओढत माळरान मोजलं त्यानं,
पायाची तीन बोटं गारठ्यानं गळली.
बोटं मी लिहिली. सरांनी खोडली.
उरलं क्षेत्रफळ.

दुसरा गव्हाचा माणूस.
तिकडे नव्वद दिवसांत पिकला तर गहू,
एक्क्याण्णवाव्या दिवशी हिव पडलं की भुसा.
वीस वर्षं तो दाणान् दाणा दातांखाली फोडत राहिला,
कवळी आली तेव्हा कुठे वाण हाती आलं.
हे वाक्य मला आवडलं होतं. तेही गेलं.
घरी येऊन खपलीच्या कणकेत हात घातला
तर मनात आलं, हिला कसली घाई, हिला कोण मारतंय.

तिसरा सिनेटर: रेल्वे, लाच, राजीनामा, पुतळा.
बारा ओळी त्याला कमी पडल्या;
अशांनाच पडतात.
चौथ्यानं मुक्या मुलांसाठी शाळा काढली
आणि स्वतःच्या मुलाशी अकरा वर्षं बोलला नाही.
त्या मुलाला तळटीपही मिळाली नाही.

मग हॅना प्रिंगल.
जन्म नोव्हा स्कोशा, बाप मासळी खारवणारा.
शेवाळाच्या दोनशे बारा जाती, लग्न नाही,
निधन १९०९, वाय नदीकाठी, इंग्लंड.
इथपर्यंत संदर्भग्रंथ.
बारावी ओळ भरली, पेनाला टोपण लावलं.

पण एका जुन्या वार्तापत्राच्या छायाप्रतीत, कोपऱ्यात,
तिच्या शेवटच्या नमुन्याची चिठ्ठी छापली होती:
'काळा दगड. घाट. पाण्यापासून सातवी पायरी.
फेब्रुवारी. वर देवळाची भिंत, माशाच्या पाठीसारखी.'

मी उठून खिडकी उघडली.
इंग्लंडात कुठला काळा घाट,
कुठली माशाच्या पाठीची भिंत.
ती तर आमच्या ढोल्या गणपतीची,
पूर फोडायला बांधलेली, पोरंसोरंही सांगतील.
कुणा कारकुनानं वाईचं स्पेलिंग कानाला येईल तसं केलं
आणि पुढच्यानं, नकाशा बघून,
मेलेल्या बाईला सात समुद्र ओलांडून नेलं
आणि परक्याच नदीकाठी ठेवलं.

सर म्हणाले, "पुरावा?"
म्हटलं, "भिंत."
"भिंत छापता येत नाही, बाई."
चष्मा काढला, पुसला, परत घातला,
आणि लाल शाईनं तेवढं दिलं:
निधन वाई (?).

संध्याकाळी घाटावर गेले.
धोमचं धरण झाल्यापासून पाणी मर्जीनं येतं,
तेव्हाची सातवी आता कितवी, कोण सांगणार.
तरी मोजली.
कृष्णाबाईच्या उत्सवासाठी गेनू पिसाळ
खरवडणी घेऊन पायऱ्या घासत होता,
हिरवं सुटून पाण्यात जात होतं.
"ही तेवढी राहू दे."
"आन् पाय घसरून पडलासा म्हंजे?"
मी चपला काढून तिच्यावर उभी राहिले.
गार होती. निसरडी होती.
गेनू जरा थांबला,
मग आठवीला लागला.